कोल्हापूरच्या तालमीतील पहिले वर्ष : नवशिक्या पैलवानासाठी मार्गदर्शन

कोल्हापुरात ‘तालीम’ अशी पाटी पेठेपेठेत दिसते. परंतु ती पाहून आत आखाडा असेल आणि पहाटे तेथे लढती चालत असतील, असे बाहेरगावाहून येणाऱ्याने गृहीत धरू नये. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालीम मंडळांची नावे आज शहरात निघतात ती प्रामुख्याने फुटबॉलच्या निमित्ताने, आणि इतर कित्येक तालमींचे वर्ष गणेशोत्सव, मोहरम आणि पेठेतील सार्वजनिक कामे यांत जाते. यात गैर काही नाही. तालीम ही येथे पेठेची बैठक पूर्वीपासूनच आहे. मात्र ज्याला कुस्ती शिकायची आहे त्याने गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा, जेथे मल्ल मुक्कामाला राहून मेहनत करतात, त्या तालमींची नीट चौकशी करूनच गाडीत बसावे.

हा लेख अशा मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे, ज्यांना गावच्या आखाड्यातून किंवा शालेय स्पर्धांतून कुस्तीची गोडी लागली आहे आणि आता कोल्हापुरात राहून शिकायचे आहे. डावांचे वर्णन यात फारसे नाही, कारण डाव कागदावरून येत नाही. तो वस्ताद अंगाला हात लावून शिकवतात. माझ्या पाहण्यात जी मुले पहिल्याच वर्षी सामान बांधून परत गेली, त्यांतील बहुतेकांना डाव जड गेले नव्हते. झोप, खुराक, कामाची पाळी, दुखणी आणि खर्च यांचा मेळ त्यांना घालता आला नव्हता. म्हणून या लेखाचा भर दिवस कसा लावून घ्यावा यावर आहे.

तालीम ठरवताना

तालीम ठरवण्यासाठी किमान एक पूर्ण दिवस राखून ठेवावा आणि पहाटेची तसेच संध्याकाळची, अशा दोन्ही वेळच्या मेहनतीला हजर राहावे. भिंतीवरील जुने फोटो आणि कपाटातील चांदीच्या गदा पाहून निर्णय घेण्याची चूक पालक हमखास करतात. त्या गदा पूर्वीच्या पिढीने आणलेल्या असतात. आपल्या मुलाच्या अंगाला आज कोण हात लावणार आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यापेक्षा हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. वस्ताद स्वतः हौद्याजवळ असतात की सगळा कारभार थोरल्या पैलवानांवर सोडून देतात. लहान मुलांना त्यांच्या वजनाचा जोड मिळतो की मिळेल त्याच्या हाती दिले जाते. आणि एखाद्याचा हात किंवा मान अडचणीत आली की लढत तत्काळ थांबवली जाते की नाही. या तिसऱ्या गोष्टीवरून तालमीची जितकी पारख होते, तितकी दुसऱ्या कशावरूनही होत नाही.

मोठ्या तालमीत वेगवेगळ्या वजनाचे आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतले, सीमेपलीकडच्या कर्नाटकातलेही, मल्ल भेटतात, आणि लढतीसाठी नवा जोड मिळणे ही मोठीच सोय आहे. परंतु तेथे नवशिक्याकडे लक्ष जायला वेळ लागतो. करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतील एखाद्या गावच्या तालमीत मुले कमी असल्यामुळे वस्तादांची नजर प्रत्येकावर राहते. चौदा वर्षांखालील मुलाला घरापासून दूर ठेवण्याऐवजी जवळच्या तालमीत पाया पक्का करून मग शहरात आणावे, असे माझे मत आहे. काही वस्तादांना ते पटत नाही, कारण त्यांच्या मते अंग लवचीक असतानाच मूल हाती लागले पाहिजे. दोन्ही बाजूंनी चांगली उदाहरणे दाखवता येतात, तेव्हा मुलाचा स्वभाव पाहून ठरवावे.

मुलींच्या बाबतीत विचार वेगळा करावा लागतो. पेठांतील जुन्या तालमी या मुलांच्या मुक्कामाच्या जागा आहेत आणि त्यांची रचनाच तशी आहे. मुलींसाठी गादीवरील (मॅटवरील) सराव, स्वतंत्र निवास आणि शक्यतो महिला मार्गदर्शक असलेले केंद्र शोधावे. कागल तालुक्यातील मुरगूड या बाबतीत नाव राखून आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली, तेव्हापासून मुलींबाबत चौकशी करणारे पालक आता अवघडून बोलत नाहीत, हा बदल चांगला आहे.

वस्तादांशी पहिले बोलणे मुलाने स्वतः करावे. पाया पडावे, गावाचे नाव, वय, वजन, आधी कोठे मेहनत केली ते सांगावे, आणि जे येत नाही ते येते असे सांगू नये, कारण हौद्यात उतरल्यावर ते काही क्षणांत उघडे पडते. राहण्याचा, विजेचा आणि खाण्याचा महिन्याचा खर्च किती येतो, स्वयंपाक मुले करतात की खाणावळ आहे, शाळा-कॉलेजच्या वेळा सांभाळता येतात का, मूल आजारी पडल्यास कोणाला फोन जातो, हे मात्र पालकांनी त्याच बैठकीत स्पष्ट विचारून घ्यावे. वस्तादांना ‘वस्ताद’ आणि थोरल्या मल्लांना ‘पैलवान’ म्हणूनच हाक मारण्याची रीत आहे. पाहता पाहता तुम्हालाही, अंगावर मांस नसताना, ‘काय पैलवान’ अशी हाक येऊ लागेल. ती थट्टा समजू नये.

बरोबर काय आणावे

सामान जितके कमी तितके बरे, कारण तालमीत प्रत्येकाच्या वाट्याला एक पेटी आणि पथारी एवढीच जागा येते. किमान दोन लंगोट, दोन जाड टॉवेल, धावण्याचे बूट, अंथरूण-पांघरूण, कुलपाची पेटी, ताट-तांब्या, नखे कापण्याचे साधन आणि स्वतःचा साबण पुरे. लंगोट आणि टॉवेल कोणाला देऊ नयेत आणि कोणाचे घेऊ नयेत. कारण पुढे येईल. आधार कार्ड, जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या पिशवीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. निघण्यापूर्वी धनुर्वाताची लस घेतल्याची खात्री करावी; दहा वर्षांत घेतली नसेल तर घ्यावी.

पहिले आठवडे मातीत

नव्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी जोड नव्हे, खोरे येते. हौद्यातील माती दररोज उकरून भुसभुशीत करावी लागते, कारण रात्रभरात ती बसते आणि बसलेल्या मातीवर पडलेला मल्ल खांदा दुखवून घेतो. अनेक नव्या मुलांना हे काम म्हणजे थोरल्यांनी लादलेली हमाली वाटते. प्रत्यक्षात कमरेत वाकून, पाय रोवून, दोन्ही हातांनी माती ओढणे हा पाठ, खांदे आणि मनगट यांचा उत्तम व्यायाम आहे, आणि पुढे ज्या मातीवर आपण पडणार तिची ओळखही त्यातूनच होते.

ही माती म्हणजे नुसती तांबडी माती नव्हे. चाळून खडे काढलेल्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर असे जिन्नस मिसळले जातात. प्रमाण आणि जिन्नस तालमीगणिक बदलतात. तेल आणि ताकामुळे माती मऊ राहते आणि धूळ उडत नाही. माती फार कोरडी झाली तर नाकातोंडात जाते आणि अंग घासून निघते. फार ओली झाली तर पाय घसरतो आणि गुडघ्यावर ताण येतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा, इतका ओलावा असावा. पाणी किती शिंपडायचे हे थोरल्या पैलवानाला विचारूनच करावे, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा हवेतलाच दमटपणा पुरेसा असतो.

हौद्याचे काही नियम कोणी सांगत नाही, पण ते मोडले की सगळे पाहतात. हौद्यात चपला घालून जाऊ नये, थुंकू नये, अंगठी, गंडा, करदोटा किंवा घड्याळ घालून उतरू नये. उतरताना माती कपाळाला लावून हनुमानाच्या तसबिरीला नमस्कार करण्याची रीत आहे. कोल्हापूरच्या आखाड्यांत हिंदू आणि मुसलमान मल्ल पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे जोड म्हणून लढत आले आहेत आणि प्रत्येक जण मातीला आपापल्या परीने मान देतो. थोरल्या मल्लाची लढत सुरू असताना हौदा ओलांडून जाऊ नये. मालिश, झाडलोट, पाणी भरणे, भांडी यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि त्या चुकवणाऱ्याला लढतीत चांगला जोड मिळत नाही, असा अलिखित हिशेब आहे. पाळीचे काम करणे योग्य. परंतु एखादा थोरला मुलगा दररोज स्वतःची खासगी कामे लादत असेल, पैसे मागत असेल किंवा मारहाण करत असेल, तर ती तालमीची शिस्त नव्हे, आणि ते वस्तादांना व घरी त्याच दिवशी सांगावे.

मेहनत : जोर, बैठका, सपाटे

तालमीचा दिवस पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो. बहुतेक ठिकाणी सकाळच्या सत्रात धावणे, अंग मोकळे करणे आणि लढत असते, तर दुपारी चारनंतर जोर, बैठका, सपाटे (जोर आणि बैठक जोडून), दोरावर चढणे, गदा किंवा करेला (जड लाकडी मुदगल) फिरवणे असा व्यायाम असतो. काही तालमी हा क्रम उलटा ठेवतात. नवशिक्याने क्रमाची चिंता न करता संख्येची चिंता करावी, आणि तीही कमी ठेवण्याच्या दृष्टीने.

थोरले मल्ल हजार बैठका मारतात हे खरे आहे. पण त्या हजारामागे कित्येक वर्षे असतात. पहिल्या आठवड्यात २५ जोर आणि ५० बैठका, त्याही तीन-चार टप्प्यांत मोडून, एवढे पुरे. दर आठवड्याला थोडी थोडी वाढ करावी आणि जोर मारताना छाती मातीजवळून नेऊन मान वर काढण्याची पद्धत बरोबर जमली आहे का हे कोणाकडून तरी पाहून घ्यावे. बैठकीत टाच उचलली जाणे आणि श्वास पायांशी जुळणे स्वाभाविक आहे, मात्र गुडघे आत झुकू देऊ नयेत.

येथे एक धोका मुद्दाम सांगतो, कारण तो फार कमी पालकांना ठाऊक असतो. सवय नसलेल्या मुलाने पैजेखातर किंवा शिक्षा म्हणून एकदम शेकडो बैठका मारल्या, तर मांडीचे स्नायू इतके फुटू शकतात की त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडावर आघात होतो. मांड्या दगडासारख्या कडक होऊन सुजणे, चालता न येणे आणि लघवी चहासारखी तपकिरी होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी मालिश, शेक, हळद-दूध यांत वेळ न घालवता लगेच रुग्णालयात जावे. साधी अंगदुखी तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरणीला लागते आणि हलक्या हालचालीने बरी वाटते. वर सांगितलेले दुखणे तसे नसते.

झोप हा मेहनतीचाच भाग धरावा. रात्री नऊला दिवे बंद होणाऱ्या तालमीत पांघरुणाखाली मोबाइलवर कुस्त्यांचे व्हिडिओ पाहणारी मुले सर्वत्र आहेत. दुपारच्या जेवणानंतरची दीड-दोन तासांची झोप आणि रात्रीची सात तासांची झोप मिळाली नाही, तर खुराक कितीही चांगला असला तरी अंग भरत नाही. आठवड्यातून एक दिवस तालमीला सुट्टी असते. त्या दिवशी रंकाळ्यावर फेरफटका मारावा, कपडे धुवावेत, घरी फोन करावा, पण छुपी मेहनत करू नये.

लढत आणि पहिले डाव

ढाक, कलाजंग, धोबीपछाड हे डाव मैदानात टाळ्या मिळवणारे आहेत, म्हणून नव्या मुलाची नजर त्यांच्यावरच असते. वस्ताद मात्र सुरुवातीला उभे कसे राहायचे, खडाखडीत, म्हणजे उभ्याने हाताला हात भिडवताना, हात कोठे ठेवायचे, मनगट आणि मान कशी सोडवायची, पट कसा काढायचा, म्हणजे समोरच्याचे पाय धरून त्याला खाली कसे घ्यायचे, आणि समोरच्याने पट काढला तर पाय मागे कसे टाकायचे, यांवरच महिनोन्‌महिने घालवतात. हा क्रम सोडून घाई करू नये. कलाजंगमध्ये समोरच्याला खांद्यावर घेताना स्वतःची मान आणि पाठ सरळ रेषेत नसेल, तर दोघांचेही वजन मानेवर येते. म्हणून पडायला आणि मानेवर पूल बांधायला (डोके आणि पाय टेकून अंग उचलून धरायला) शिकल्याशिवाय उचलण्याचे डाव मागू नयेत. पट काढून कब्जा घेणे आणि खाली बसलेल्या मल्लावर घिस्सा किंवा सवारी यांसारखा एखादा डाव पक्का करणे, हे पहिल्या वर्षाचे रास्त ध्येय आहे. प्रत्येक डावाबरोबर त्याची तोडही त्याच दिवशी विचारून घ्यावी.

लढतीचे तीन प्रकारचे जोड असावेत: आपल्यापेक्षा चांगला, आपल्या बरोबरीचा आणि आपल्यापेक्षा नवा. चांगल्याकडून मार खाताना बचाव सुधारतो, बरोबरीच्याशी दम वाढतो, आणि नव्या मुलावर आपला कच्चा डाव करून पाहता येतो. थोरला मल्ल लढतीला बोलावतो तेव्हा तो तुम्हाला चीत करण्यासाठी नव्हे, तर अंग गरम करण्यासाठी बोलावतो, हे लक्षात ठेवून तेथे ईर्षेला पेटू नये. लढत सुरू करताना आणि संपताना हात मिळवावा. मान, खांदा किंवा गुडघा अडकला तर मोठ्याने सांगावे. गप्प राहून सोसणे हे मर्दुमकीचे लक्षण येथे कोणी मानत नाही, निदान जाणते तरी मानत नाहीत.

खुराक आणि त्याचा हिशेब

पालकांची सर्वांत मोठी धास्ती खुराकाची असते. पैलवान पोसायचा म्हणजे रोज बदामाची थंडाई, तुपाची वाटी आणि मटण, अशी समजूत आहे, आणि ज्यांना ते परवडत नाही ते मुलाला पाठवायलाच कचरतात. हिशेब मांडला तर चित्र थोडे वेगळे दिसते. मेहनत करणाऱ्या मुलाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे दीड ते दोन ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या मुलाला साधारण ९० ते १२० ग्रॅम. म्हशीच्या एक लिटर दुधातून सुमारे ४० ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यातून सुमारे २० ग्रॅम आणि तितक्याच शेंगदाण्यातून सुमारे २५ ग्रॅम. शंभर ग्रॅम बदामातही २१ ग्रॅमच असतात. तुपात प्रथिने अजिबात नसतात. ते उष्मांक देते, आणि दिवसातून दोनदा मेहनत करणाऱ्याला ते उष्मांक हवेतच, पण ते भाकरी, भात आणि शेंगदाण्यातूनही मिळतात. तात्पर्य, एक लिटर दूध, चार अंडी किंवा त्याऐवजी मोडाची कडधान्ये, मूठभर शेंगदाणे, डाळ, भाकरी आणि पालेभाजी यांवर पहिली दोन वर्षे उत्तम निघतात. शेजारच्या पथारीवरचा मुलगा बदाम घोटत असेल तर घोटू द्यावेत.

थंडाईला माझा विरोध नाही. भिजवून सोललेले बदाम, बडीशेप, वेलदोडे, थोडी काळी मिरी कुंडीत घोटून दुधात किंवा पाण्यात घेतलेली थंडाई सकाळच्या मेहनतीनंतर पोटाला शांत ठेवते, आणि ती घोटता घोटता होणाऱ्या गप्पांत कुस्तीचे बरेच ज्ञान कानावर पडते. मात्र ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही.

कोल्हापूरचे दूध कट्टे प्रसिद्ध आहेत. गंगावेशीत संध्याकाळी म्हैस समोर उभी करून काढलेले धारोष्ण दूध पेल्यात मिळते आणि ते तसेच पिण्याची जुनी सवय शहराला आहे. हे म्हणणे कट्ट्यावर उभे राहून मांडण्याची सोय नाही, तरीही लिहितो: न तापवलेल्या दुधातून क्षय आणि ब्रुसेलोसिस (जनावरांकडून येणारा तापाचा आजार) यांसारखे आजार होऊ शकतात, आणि उकळल्याने दुधातील प्रथिने नाहीशी होत नाहीत. दूध विकत घ्यावे, तालमीत आणून तापवावे आणि मग प्यावे.

बहुतेक तालमींत मुले पाळीपाळीने स्वयंपाक करतात. येण्यापूर्वी भाकरी थापणे, डाळ शिजवणे आणि एक-दोन भाज्या करणे आईकडून शिकून घ्यावे. येथे त्याची किंमत एखाद्या डावाइतकी होते. तांबडा-पांढरा रस्सा महिन्यातून चार वेळा मिळाला तरी पुरे. डब्यातील ताकदीच्या पावडरी आणि कोणी ‘अंग भरण्यासाठी’ सुचवलेली इंजेक्शने यांपासून पूर्ण लांब राहावे. त्यांत काय मिसळले आहे हे डब्यावरून कळतेच असे नाही, आणि उत्तेजक द्रव्यांच्या नियमानुसार शरीरात जे सापडले त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. ‘मला ठाऊक नव्हते’ या उत्तराने सुटका होत नाही. कोवळ्या वयात घेतलेल्या संप्रेरकांमुळे उंची खुंटते, ते वेगळेच.

कातडी, कान आणि सांधे

अंगाला अंग लावून चालणाऱ्या खेळात कातडीचे आजार लवकर पसरतात, म्हणून लंगोट आणि टॉवेल वेगळा ठेवण्याची वर सांगितलेली अट आहे. लढत संपल्यावर घाम वाळण्यापूर्वी साबणाने अंघोळ करावी, लंगोट रोज धुऊन उन्हात वाळवावा, नखे दर आठवड्याला कापावीत. गोल, कडा उठलेला, खाजणारा चट्टा दिसला तर ते बहुधा गजकर्ण असते. त्यावर औषधाच्या दुकानातून मिळेल ती ट्यूब लावण्याची सवय घातक आहे, कारण अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. खाज थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि महिनोन्‌महिने जात नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत औषध थांबवू नये. पुंजक्याने आलेले पाण्याचे फोड किंवा पू झालेली गळवे असतील, तर ती बरी होईपर्यंत हौद्यात उतरू नये. हे लपवून लढणारा मुलगा आठवड्याभरात निम्म्या तालमीला आजारी पाडतो.

पैलवानाचा सुजून घट्ट झालेला कान ही ओळख मानली जाते, आणि नवी मुले तो लवकर व्हावा म्हणून आरशात पाहत असतात. कानाच्या कूर्चेवर मार बसून आत रक्त साठते. ते एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घेऊन वर दाब देणारी पट्टी बांधली, तर कान पूर्ववत राहतो. नंतर ते घट्ट होते आणि मग काही करता येत नाही. कानाची घडी बदलल्याने कुस्ती सुधारत नाही.

मुरगळलेल्या सांध्याला पहिले दोन दिवस बर्फ, पट्टी आणि विश्रांती द्यावी, लगेच चोळू नये. डोक्याला मार बसून चक्कर, उलटी किंवा विसराळूपणा जाणवला, अथवा मानेच्या दुखण्याबरोबर हातात मुंग्या आल्या, तर लढत तेथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. मान ‘मोडून’ देणाऱ्या हौशी हातांपासून ती मान लांब ठेवावी. हाड बसवणाऱ्यांकडे जाण्यापूर्वी एक्स-रे काढावा.

माती आणि गादी

कोल्हापूरचे नाव मातीवर झाले, पण राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा गादीवर होतात. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात व दोन्हींकडचे विजेते किताबासाठी भिडतात. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या मातीत तयार होऊन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना गादीची सवय नव्हती. तेथे त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, आणि चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. त्या उदाहरणातून आजच्या मुलाने घ्यायचे ते इतकेच की गादीची ओळख पुढे ढकलू नये. पहिले सहा-आठ महिने मातीत घालवून त्यानंतर आठवड्यातून दोन-तीन दिवस गादीवर सराव मिळेल, अशी व्यवस्था वस्तादांना विचारून करावी.

दोन्हींतील फरक पकडीत आहे. मातीत पाय रुततो, लढत लांबते आणि लंगोटाला हात घालून डाव करता येतो. गादीवर कॉस्च्यूमला धरता येत नाही, पाय वेगाने सरकतो आणि प्रत्येक हालचालीला गुण असतो. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, वर्तुळाबाहेर ढकलल्यास एक गुण, खाली घेतल्यास दोन, आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपते. मैदानी कुस्तीत संधीची वाट पाहत दहा मिनिटे खडाखडी करणारा मल्ल गादीवर पहिल्या फेरीतच मागे पडतो.

गादीबरोबर वजनगट येतात आणि वजन उतरवण्याचा मोह येतो. वाढत्या वयात पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवू नये. त्या दिवशी आपले जे वजन असेल त्याच गटात खेळावे.

शाळा आणि कॉलेज

शिक्षण सोडू नये. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीत क्रीडा गुणांची सवलत आहे, पोलीस, रेल्वे आणि सैन्यदलात मल्लांना वाव आहे; पण या प्रत्येक दारावर पदकाच्या प्रमाणपत्राबरोबर शिक्षणाचे प्रमाणपत्रही मागतात. जत्रेतील इनामाचे प्रमाणपत्र तेथे चालत नाही, मान्यताप्राप्त स्पर्धेचेच चालते, म्हणून शालेय आणि वयोगटाच्या स्पर्धा चुकवू नयेत. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. आपल्या शिक्षकांना आपण कुस्ती करतो हे सांगून ठेवावे. हजेरीच्या बाबतीत तेवढा उपयोग तर निश्चित होतो.

पहिले मैदान

पावसाळ्यात मैदाने, म्हणजे जाहीर कुस्त्या, थांबतात आणि थोरले मल्लही तालमीत असतात, म्हणून जून-जुलैमध्ये दाखल होणे सोयीचे. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि चैत्र-वैशाखात त्यांची गर्दी होते. शहरातील खासबाग हे कुस्तीचे मैदान पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नये. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचे कलोसियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी ते बांधून घेतले आणि १९१२ मध्ये ते सुरू झाले. मध्यभागी हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी रचना असल्यामुळे कोठूनही कुस्ती दिसते. तेथे पहिल्या वर्षी प्रेक्षक म्हणूनच जावे. निकाली कुस्तीवर डोळे खिळवण्यापेक्षा लहान वजनाच्या मल्लांच्या खडाखडीकडे लक्ष दिले, तर जास्त शिकायला मिळते.

स्वतः लढण्याची सुरुवात मात्र गावच्या जत्रेतील नारळावरच्या (बक्षीस म्हणून नारळ असलेल्या) कुस्तीने करावी, आणि तीही वस्तादांनी सांगितल्यावरच. तेथे पंच मुलांना समोरासमोर उभे करून अंगावरून जोड लावतात. समोरचा मुलगा स्पष्टपणे जड किंवा थोराड असेल, तर सोबत आलेल्या थोरल्या पैलवानाने पंचांना तसे सांगावे. जोड नाकारण्यात कमीपणा नाही, आणि पंच सहसा दुसरा जोड देतात. हलगी सुरू झाली की नवख्याचे अर्धे अवसान सलामीतच संपते. त्यामुळे आधीचा अर्धा तास सावलीत बसून पाणी प्यावे, अंग गरम करावे आणि आत गेल्यावर पहिला पट काढण्याची घाई न करता समोरच्याचा एक हात धरून त्याच्या पायांकडे पाहावे. दोन्ही खांदे मातीला लागले की निकाल झाला. त्यावर पंचांशी हुज्जत घालू नये. हरणाऱ्यानेही समोरच्याशी हात मिळवून, पंचांना नमस्कार करून बाहेर यावे.

परतायला रात्र होते, जेवण उशिरा होते आणि दुसऱ्या दिवशी अंग मोडून येते. त्या पहाटे धावणे आणि लढत टाळून हलका व्यायाम आणि मालिश एवढेच करावे, अंगावरच्या खरचटलेल्या जागा साबणाने धुऊन पाहाव्यात, आणि वस्ताद मोकळे असतील तेव्हा त्यांना समोरचा मल्ल कोणत्या तालमीचा होता, अंदाजे किती वजनाचा होता, कुस्ती किती वेळ चालली आणि कोणत्या डावावर झाली हे क्रमाने सांगावे. पुढच्या जत्रेला तुमचा जोड कोणाशी लावायचा, हे ते त्यावरूनच ठरवतात.